देवूच्या पिठावरची पाटी

मी साखरबाईची पाटी बोलतेय. मासळीची पाटी, मुरबे गावची. पाटी बोलते म्हणून हसू नका. साखरबाईच्या डोक्यावर बसून मी पालघर पाहिलं, बोईसर पाहिलं, आणि घरी आल्यावर खुंटीला टांगून शेजारचं सगळं ऐकलं. एवढं ऐकल्यावर कुणालाही तोंड फुटेल.

माझा जन्म समुद्राकाठचा नाही. सफाळ्याच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला नवसी नावाची बाई राहायची. तिचा नवरा झिपरू बांबू तोडून आणायचा, ती चिरून विणायची. पाटी विणून झाली की नवसी ती पालथी घालायची आणि तिच्यावर चक्क बसायची. पाटी करकरली तर परत उसवायची. माझ्यावर बसली, मी चूं केलं नाही. तेव्हा तिने माझ्या काठावर हात फिरवला आणि झिपरूला म्हणाली, ही टिकेल.

पालघरच्या बाजारात मला साखरबाईने घेतलं. अर्धा तास घासाघीस केली, नवसीला रडकुंडीला आणलं, आणि शेवटी सांगितलेला भाव देऊन वर दोन मुठी सुके बोंबीलही दिले. साखरबाई अशीच. तोंड चालू, हात मोकळा.

मग माझं कामाचं आयुष्य सुरू झालं. पहिल्या दिवशी ओले बोंबील पडले तेव्हा मला किळस आली होती, खोटं कशाला बोलू? डोंगरातल्या बांबूला समुद्राचा वास सोसायला वेळ लागतो. आठ दिवसांत मीच त्या वासाची झाले. पहाटे चुंबळीवर बसायचं, तरीच्या होडीने खाडी ओलांडायची, सातपाटीवरून पालघर गाठायचं. पुढे तारापूरला विजेच्या कारखान्याचं मोठं काम निघालं, परमुलखातली माणसं बोईसरात येऊन राहिली, तेव्हा आम्ही तिकडेही जाऊ लागलो. ती माणसं हिंदीत भाव करायची. साखरबाई मराठीतच शिव्या द्यायची आणि दोघांचं छान जमायचं.

घरी आल्यावर मला धुऊन ती कुडाच्या खुंटीला टांगायची. कूड कारवीचा, शेणाने लिंपलेला. पलीकडे देवू आणि चिमी राहत होते. साखरबाईला पलीकडचं ऐकायला कुडाला कान लावावा लागे. मला तेवढाही त्रास नव्हता.

देवू तेव्हा तिशीतला. होडीच्या नांगराच्या दोरात अडकून त्याच्या डाव्या पायाची करंगळी गेली होती, तरी होडीत मांजरासारखा फिरायचा. चिमी बारीक, चटपटीत, हिशोबी. घरात देवूची आई येसूबाई. तिचे डोळे जवळजवळ गेले होते. दारात बसून ती हाताने चाचपून जाळी सांधायची, आणि आळीत कोण आलं कोण गेलं ते पावलांवरून सांगायची.

त्या सुमाराला लोक सुताची जाळी टाकून नायलॉनची घेऊ लागले होते. देवूनेही घेतलं, एका व्यापाऱ्याकडून, उधारीवर, घर लिहून देऊन. तीन महिन्यांत ते जाळं शिरगावच्या बाजूला खडकात अडकलं आणि चिंध्या होऊन आलं. व्यापाऱ्याचा निरोप आला, होळी झाली की घर रिकामं करा.

मग एका संध्याकाळी कुडापलीकडे नवराबायकोचं बोलणं झालं. आमच्या आळीचा एक जुना नेम आहे. समुद्राने ज्या घरचा माणूस नेला, त्या दारात वर्षभर कुणी पैशाचं मागणं घेऊन जायचं नाही. देवूला तो नेम आठवला. तो चेष्टेने म्हणाला, बुडतोच मग मी. दुसरी बाई असती तर नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवला असता. चिमीने विचारलं, "किती दिस?"

बेत असा ठरला. देवूने खोटं बुडायचं. दिवसकार्य होईपर्यंत माळ्यावर लपायचं. मग चालत बोईसर गाठायचं आणि तारापूरच्या कामावर भलतंच नाव सांगून राबायचं. तिथे हजार माणसं, कोण कुणाला ओळखतो? वर्षाने पैसे गाठीला बांधून परत यायचं, एका आगबोटीने मला उचललं आणि वेरावळला नेलं असं सांगायचं, व्यापाऱ्याचे पैसे टाकायचे, घर सोडवायचं. येसूबाईला यातलं काही सांगायचं नाही. ती खरी रडली तरच आळीला पटेल, असं चिमीचं म्हणणं पडलं. देवू हो म्हणाला.

दोनच दिवसांनी दुपारी शिरगावच्या बाजूला त्याची होडी पालथी सापडली. सगळी आळी किनाऱ्याकडे धावली आणि तेवढ्यात देवू तिवरांच्या झाडीतून चिखल तुडवत मागच्या दाराने घरात आला. त्याच्या मरणाची बातमी घरी पोचायच्या आत तो माळ्यावर पोचला होता.

चिमी रडली. चांगलंच रडली. पण ती श्वास घ्यायला थांबली की माळ्यावरून कुजबुज यायची, बस झालं. ती आणखी जोरात रडायची. येसूबाई मात्र रडली नाही. दारात बसून राहिली, हातात जाळ्याची सुई तशीच.

तीन दिवस प्रेत मिळालं नाही. तेव्हा आळीतला जाणता, वामन तांडेल, याने दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा माणूस केला, त्याला देवूचं नाव दिलं आणि किनाऱ्यावर जाळला. वारा गावाकडे होता. माळ्यावर बसलेल्या देवूला स्वतःच्या सरणाचा धूर आला. त्या संध्याकाळी त्याला ताप भरला.

पाचव्या दिवशी व्यापारी आला. नेम मोडून मागायला आला म्हणून आळीतल्या बाया कंबर कसून उभ्या राहिल्या. तर तो दारात बसला, डोळे पुसले, आणि घराचा कागद चिमीच्या हातात ठेवला. मेल्याचं घर मला नको, पचायचं नाही, म्हणाला. तो गेल्यावर चिमी माळ्याखाली येऊन हळूच म्हणाली, "आता तुमी मेल्यालेच बरे." देवू हसला. त्याला हसताना मी ऐकलं ते शेवटचं.

साखरबाईला एव्हाना संशय आला होता. विधवेच्या घरी दोन माणसांचा भात शिजतो आणि सासूबाई तर घास घेत नाही, हे तिच्या नजरेतून कसं सुटेल? एकदा भर दुपारी ती पीठ मागायच्या निमित्ताने शिरली आणि वर बघून म्हणाली, "चिमे, माल्यावर कोन घोरते?"

"बोका हाय, मावशी."

"बोका तंबाखू खाते का गो?" साखरबाईने भिंतीवरच्या पिचकारीकडे बोट केलं.

चिमीने पीठ दिलं. साखरबाई घरी आली ती वेगळाच अर्थ काढून. दहा दिवसही झाले नाहीत आणि हिने माणूस आणून ठेवला, असं तिला वाटलं. दोन दिवस ती मनातल्या मनात जळत होती. कुणाला सांगितलं मात्र नाही. तिला चिमीची कीवही येत होती.

आता दहाव्या दिवसाचं सांगते. ते सांगायलाच एवढं बोलले.

गेलेला माणूस पुढे कुठल्या जन्माला गेला ते पिठात बघायची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. आमच्या आळीत ती समुद्राच्या वेळेवर चालते. भरती लागली की माणसाच्या निजायच्या जागी तांदळाचं पीठ पसरायचं, मधे दिवा ठेवायचा आणि वर पाटी पालथी घालायची. पाटी घरची चालत नाही, शेजारची लागते. जवळ त्याच्या आवडीचं जेवण वाढायचं, दार उघडं टाकायचं आणि सगळ्यांनी घर सोडून जायचं. ओहोटी लागेपर्यंत आत पाऊल घालायचं नाही. समुद्राने नेलेला भरतीबरोबर येतो, ओहोटीबरोबर जातो. मग पाटी उचलून पिठात बघायचं. कावळ्याचं पाऊल, गाईचं खूर, सापाची रेघ, जे असेल ते.

साखरबाईने मला दिलं. जाताना चिमीने माळ्याकडे बघून दोन काड्या दाखवल्या. त्यांचं ठरलं होतं, देवूने खाली उतरून काड्यांनी कावळ्याचं पाऊल काढायचं. कावळा उडाला, विषय मिटला.

घर रिकामं झालं. भर दुपार. मी पालथी, माझ्या पोटात दिवा. बाहेरचं ऊन माझ्या विणीतून पिठावर पडलं होतं, ठिपक्याठिपक्यांचं. आयुष्यभर मी उताणी राहिलेली, माझ्या पोटात नेहमी मासळी. पालथं पडल्यावर आपला आतला अंधार आपल्यालाच पहिल्यांदा दिसतो. माळ्यावर देवू घोरत होता. तापाने थकला होता बिचारा. लांब भरतीचा आवाज होता, आणि तो कानांनी कमी, जमिनीतून जास्त येत होता.

पाणी पुरतं चढलं असेल तेव्हा पिठावरचे उन्हाचे ठिपके विझायला लागले. एकेक करून, दाराच्या बाजूचे आधी. कुणी जवळ येऊन उभं राहिलं की पडते तशी सावली. मला वाटलं देवू उतरला. पण वर घोरणं चालू होतं.

खाऱ्या पाण्याचा वास आला. मग पीठ दबायला लागलं. आधी टाच. मग तळव्याची कड. मग बोटं, अंगठ्यापासून, एकामागून एक. चार झाली आणि थांबलं.

मी त्याच्यावर झाकण होते. आत कुणी आलं असतं तर मला उचलून यावं लागलं असतं. मला कुणी उचललं नाही.

थोड्या वेळाने ठिपके परत उजळले.

त्यानंतर देवूला जाग आली. तो शिडी उतरला, आणि माणूसच तो, आधी जेवणाकडे गेला. स्वतःच्या नावाने वाढलेला भात, तळलेले बोंबील, सगळं चाटूनपुसून खाल्लं. ढेकर दिली. मग काड्या घेऊन माझ्यापाशी बसला आणि माझा काठ उचलला.

त्याच्या हातातल्या काड्या पिठात पडल्या. बराच वेळ त्याने हात लावला नाही. मग दोन बोटांनी काड्या उचलल्या, मला होती तशी ठेवली आणि शिडीवरून असा चढला की दोन पायऱ्या चुकल्या.

ओहोटी लागली. माणसं आली. ताट रिकामं बघून बायांनी हात जोडले. वामन तांडेलने मला उचललं. पिठात माणसाचं पाऊल होतं. येसूबाईला कुणी सांगायच्या आधी ती खाली बसली, पिठावर अलगद हात फिरवला, बोटं मोजली. म्हणाली, "माजाच हाय." आणि दहा दिवसांत पहिल्यांदा रडली.

माणसाचं पाऊल म्हणजे पुन्हा माणसाचाच जन्म, याच घराकडे ओढ, असं वामनने सांगितलं. सगळ्यांना बरं वाटलं. चिमी मात्र रागावली होती. लोक पांगल्यावर आणि सासू दारात जाऊन बसल्यावर ती वर बघून पुटपुटली, कावळ्याचं सांगितलं होतं, ही हुशारी कशाला?

"मी नाय ठेवलं," देवू म्हणाला.

"मग कोनी?"

देवू खाली उतरला. पीठ अजून तसंच होतं. त्याने त्या पावलाशेजारी आपला डावा पाय दाबला आणि काढला. दोघं बघत राहिली. एकाच माणसाची दोन डावी पावलं, शेजारी शेजारी.

पिठावर घातलेली पाटी तेराव्यापर्यंत त्याच घरात ठेवतात, म्हणून पुढचंही माझ्यासमोर घडलं. देवूचं खाणं तुटलं. चिमी वर भात द्यायची, तो तसाच खाली यायचा. तो तिला सारखं एकच विचारायचा, होडी पालथी केली त्या दिवशी मी पोहत आलो ते तू बघितलंस का? तिने कसं बघितलं असणार, ती किनाऱ्यावर रडत होती. एकदा त्याने माळ्यावरून हात खाली सोडला.

"माजा हात धर. गरम हाय का बघ."

"गरम हाय," चिमी म्हणाली. हात धरायच्या आधीच म्हणाली.

तेराव्याला दुपारी बाया मासळी वाळत घालायला गेल्या होत्या. चिमी पाण्याला गेली होती. घरात येसूबाई एकटी, दाराकडे तोंड करून बसलेली. देवू शिडी उतरून तिच्यासमोर येऊन बसला. बेत, घर, कागद, सगळं त्याने सोडून दिलं होतं. त्याला एवढंच हवं होतं की आईने नावाने हाक मारावी.

"आये," तो म्हणाला, "मी देवू. मी जित्ता हाय."

येसूबाई दचकली नाही. तिने हात पुढे केला, त्याचा चेहरा चाचपला, गालावर बोटं ठेवली. मायेने ठेवली. मग हात मागे घेतला.

"सगले असंच बोलतात रे बाबा," ती म्हणाली. "तुजा बापूस पन गेल्यावर दोन म्हयने असंच बोलत येत होता."

देवूने आणखी काही सांगितलं, माळ्याचं, व्यापाऱ्याचं, आगबोटीचं. ती मान हलवत राहिली, लहान मुलाचं ऐकावं तशी. शेवटी म्हणाली, "तुजं सगलं केलं हाय. जेवलास, पाऊल दिलंस. आता मागं बगू नको."

त्याच वेळी साखरबाई मला न्यायला आली होती. ती दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं, आणि माळ्यावरचा बोका तिला दिसला. देवू उठला. दारातून जाताना तो तिच्यापासून हातभर लांबून गेला. आळीत सर्वांत जास्त बोलणारी बाई ती. तिने एक शब्द काढला नाही. डोक्यावरून पदर घेतला आणि तिरडीला वाट द्यावी तशी बाजूला झाली. पुढेही तिने कधी कुणाला सांगितलं नाही. मला समुद्रात तीनदा बुचकळून घरी नेलं.

चिमी अधूनमधून बोईसरला देवूला भेटायला जायची. बाजाराला जाते म्हणायची. पहिल्या खेपांना परत येताना तिच्या पदरात काही बांधलेलं असायचं. मग खेपा विरळ झाल्या. साखरबाईने एकदा एवढंच विचारलं, जात नाहीस का आताशा? चिमी जमिनीकडे बघत म्हणाली, "जाते गो मावशी. पन भेटल्यावर तो हाय का नाय, तेच कलत नाय."

वर्ष झालं आणि देवू ठरल्याप्रमाणे आला. दिवसाढवळ्या, रस्त्याने, नवं धोतर नेसून. आम्ही वाळवणावर होतो. साखरबाई बोंबील टांगत होती, मी तिच्या पायाशी. चिमी होती, वामन तांडेल होता. देवू उभा राहिला आणि त्याने आगबोटीची गोष्ट सांगितली. छान सांगितली. वर्षभर पाठ केलेली असणार. कप्तानाचं नाव, वेरावळचा धक्का, सगळं. बायांचे हात थांबले नाहीत, बोंबलामागून बोंबील बांबूवर चढत होते. मला हसू येण्यासारखा प्रसंग होता तो, आणि आलं नाही.

गोष्ट संपली तेव्हा वामनने डोक्यावरची टोपी काढली. हात जोडून, अगदी अदबीने म्हणाला, "देवू, तुजं आमी सगलं केलं. काय ऱ्हायलं असंल तं सांग. करू."

देवूने चिमीकडे पाहिलं. तिच्या हातात एक बोंबील होता. तिने तो नीट टांगला, मग दुसरा घेतला.

त्याच्या कमरेला पैशाची पिशवी होती. ती सोडायची वेळच आली नाही. तो आला त्या रस्त्याने परत गेला. चिमी आणि येसूबाई त्या घरात राहतात. घर त्यांचंच राहिलं, त्यात चोरी अशी काही सापडत नाही. मेल्याचं घर कुणी घेत नाही आणि मेल्याकडे कुणी मागत नाही. त्यांचा बेत जितका साधला तितका कुणाचाच साधला नसेल.

आता माझं. मी म्हातारी झाले. तळाच्या काड्या मोडल्या, मधे तीन बोटं जातील एवढं भोक पडलं. साखरबाई गोणपाटाचा तुकडा टाकून मला अजून नेते. हल्लीच, पाऊस संपल्यावर, आम्ही बोईसरच्या बाजारात बसलो होतो. कामगारांची गर्दी होती. एक माणूस समोर उकिडवा बसला. दाढी वाढलेली, अंगावर सिमेंटची धूळ, डाव्या पायाला चारच बोटं. मागून कुणीतरी त्याला "ओ रामकिसन" अशी हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही. आमच्याच बोलीत म्हणाला, "मावशी, चार बोंबील दे."

साखरबाईने चार काढले, दोन वर घातले. पानात बांधून त्याच्यासमोर ठेवले, हातात दिले नाहीत. त्याने पैसे पुढे केले.

मेल्याकडून मोल घेत नाहीत. जिवंताकडून घेतात. बाजारात बसलेल्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही. साखरबाईने हात मांडीखाली घेतला.

"घे ना गो," तो म्हणाला. "फुकट नको. घे."

तिचे डोळे भरले होते. हात निघत नव्हता. मी जवळून पाहिलं, तो निघत नव्हता, ती धरून बसली नव्हती. मग त्याने नाणं माझ्यात ठेवलं. पाटीत पडलं म्हणजे विक्री झाली, त्याच्यापुरतं तेवढंही पुरलं असतं. गोणपाट सरकला होता. नाणं माझ्या तळाच्या भोकातून खाली गेलं आणि मातीत पडलं.

त्याने ते पाहिलं. बोंबील तिथेच ठेवून तो उठला आणि गर्दीत शिरला. नाणं कुणी उचललं नाही. आम्ही बसलो होतो तिथेच ते अजून मातीत असेल.

नवसीने माझ्यावर बसून मला पारखलं होतं. मी टिकले, पण ज्या दिवशी एक नाणं धरून ठेवायचं होतं त्या दिवशी मला ते जमलं नाही. तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. बोईसरकडे कधी गेलात आणि धुळीने भरलेल्या एखाद्या माणसाने मासळीचे, चहाचे, कशाचेही पैसे पुढे केले, तर त्याच्या पायाकडे बघू नका. पैसे घ्या. मोजून घ्या, आणि सुटे परत द्या.